पान चौदा

स्कॅन मीच केलं, झेरॉक्सचं दुकान बंद करून, रात्री.
म्हणून पान चौदाच्या कोपऱ्यात
माझा अंगठा आलाय, टोनर लागलेला.
शिवशरण म्हणाला, दादा, ही तुमची सही होय?
राहू दे म्हटलं.

विहाराच्या पत्र्याखाली वैशाखात
संध्याकाळी सातलाही बसवत नाही,
आणि माणसं पांगलेली.
भालशंकरांची उत्पला नाइट ड्यूटीला मिरजेत,
तिचा भाऊ शारजात, क्रेनवर.
तर ठरलं, मोबाइलवर वाचायचं.

वार ठरवायला अकरा दिवस गेले.
सोमवारी कुणाचा बचत गट,
शनिवारी लाइट जाणार, पेपरात आलेलं,
आणि पाण्याला तर वारच नाही.
ते पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या.
पाच दिवस सात दिवसांत बसवून दाखवा कुणी.
शेवटी गुरुवार घेतला. साडेआठ.

पहिल्या गुरुवारी तासभर एकच धडा झाला:
आवाज यायलाय का?
यायलाय.
तुमचा यायलाय ओ, माझा जायलाय का?
सर्वगोड मास्तरांचं नुसतं कपाळ दिसत होतं.
महिनाभर आम्ही पाली त्या कपाळाकडून शिकलो.
शिवशरण कारखान्यातूनच यायचा.
त्याच्या चौकोनात बारा माग एकदम बोलायचे,
म्हणून त्याचा माईक बंद केला, रीतसर, माफी मागून.
तो ओठ हलवत राहिला.

चौथ्या गुरुवारी पान चौदा.
शब्द आला, तण्हा.
मास्तर म्हणाले, तृष्णा. आसक्ती. हव्यास. वासना.
चादरीची घडी घालावी तसे
एकावर एक शब्द ठेवत गेले.
भालशंकरांच्या आई, कोंडाबाई,
कॅमेऱ्याच्या बाहेर कुठंतरी शेंगा फोडत बसलेल्या,
तिथूनच म्हणाल्या,
तण्हा म्हंजे तहानच की ओ. त्यात काय एवढं.

कुणी बोललं नाही.
शारजावाला गोठला होता,
नेटमुळं की कशामुळं, कळलं नाही.
मग शिवशरणनं हात वर केला, तो पिवळा, चित्रातला.
माईक उघडला. आधी माग आत आले, मागून तो.
दादा, ही सोडायची म्हणतात का ग्रंथात?
मी सोडीन ओ.
पण घरात सहा माणसं, दोन पिंपं,
आणि आज पाचवा दिवस.
हसला. आम्हीही हसलो, जरा जास्तच.
उत्तरासाठी मी पुढचं पान सरकवलं.
पंधरा वाकडं आलेलं, निम्मं कापलेलं.

तेवढ्यात खालून हाक आली,
मग मास्तरांच्या बोळातून, मग भालशंकरांच्या दारातून.
आमची सगळ्यांची टाकी एकच.
आलं, पाणी आलं!
चौकोन रिकामे झाले.
खुर्ची. भिंत. पंख्याचं एक पातं.

मीही गेलो. मोटर जोडली,
पहिलं गढूळ पाणी गटारीत सोडलं,
पिंप, घागरी, बादल्या, शेवटी डबेसुद्धा,
चहाचं पातेलंही राहिलं नाही.

पाऊण तासानं ओल्या हातानं फोन उचलला.
मीटिंग चालूच होती.
कोंडाबाई वाचत होत्या.
साठीनंतर अक्षरओळख झालेल्या,
माझी झेरॉक्स मांडीवर, बोट ओळीखाली,
तण्हा, मग थांबा, मग पुढचा शब्द, मग परत पहिल्यापासून.
शिवशरणचा माईक उघडाच राहिलेला.
बारा माग. त्यातून त्यांचा आवाज
कधी वर यायचा, कधी बुडायचा.
ऐकणारा एकच होता, शारजावाला, डोळे मिटून.
त्याच्याकडं कुठलं पिंप भरायचं होतं.

मी म्यूटवर बोट नेलं.
दादा, तो म्हणाला, थांबा की जरा.
कुणाच्या तरी घरातून
पाणी पडायचा आवाज यायलाय.

पुढच्या गुरुवारी पाणी नाही. मोजून बघितलं.
पान चौदाच घेऊ.